छंदासाठी झेडब्रशची वर्गणी भरावी का?

तापीकाठ (भुसावळ): संगणकावर शिल्पकाम मनापासून शिकायचे असेल तर झेडब्रश हे शिल्पकामाचे सॉफ्टवेअरच घ्यावे, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नये, असे काल एका सदस्यांनी लिहिले. नोकरी सांभाळून रात्री तासभर बसणाऱ्या माणसाला असा सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते. पिक्सोलॉजिक या मूळ कंपनीच्या काळात झेडब्रश एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या वर्षानुवर्षे विनामूल्य मिळत. २०२२ मध्ये ते मॅक्सॉन कंपनीकडे गेले आणि पुढे वर्गणीच आली. कापूस वेचणीचे दिवस आले किंवा घरात लग्न निघाले, की त्या महिन्याचे पैसे वाया जातात.

अमळनेरकर: तो सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. झेडब्रशचा भार मुख्यतः प्रोसेसरवर आणि मेमरीवर असतो, त्यामुळे महागडे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या जुन्या संगणकावरही काही कोटी पॉलिगॉनची (पृष्ठभाग बनवणाऱ्या लहान सपाट तुकड्यांची) मूर्ती फिरवता येते. त्याच संगणकावर ब्लेंडर अडखळते. झेडब्रशमधील झेडरीमेशर हे साधन पॉलिगॉनची जी सुबक जाळी क्षणात बांधते, ती हाताने बांधण्यात माझे रविवार गेले आहेत. छंद असणाऱ्याकडे वेळच कमी असतो, हे तुम्ही का विसरता, भाऊ?

शाडू (नंदुरबार): दोघेही चुकीच्या टोकाने सुरुवात करत आहात. आमच्या घरी गणपती घडतात. ज्याने सोंडेचे वळण ओल्या मातीत बोटांनी काढलेले नाही, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर आकार शिकवणार नाही. पडद्यावर मूर्तीची बोटे हवी तितकी बारीक होतात, पण मातीत ती वाळताना तुटतात, आणि हे वजन व जाडीचे भान हातालाच येते.

अमळनेरकर: काका, आदर राखून सांगतो, संगणकावर काम करणाऱ्याला कमी लेखण्याची ही सवय आता पुरे झाली. माझी बहीण भाड्याच्या एका खोलीत राहते. तिने शाडू कोठे कालवावा आणि मूर्ती कोठे वाळवावी? तिने टॅबलेटवर चेहरे घडवले, त्यांतील स्नायू आणि हाडे तुमच्या कारखान्यातील साच्यांपेक्षा सरस आहेत.

शाडू (नंदुरबार): साच्यांवर बोलू नका, आमच्याकडे मूळ मूर्ती हातानेच होते. जागेची अडचण मात्र खरी आहे, ती मी मानतो. तिला एवढेच सांगा की सममितीची सोय (एका बाजूचे काम आपोआप दुसऱ्या बाजूला उमटवणारी) लवकर बंद करावी. दोन्ही बाजू शेवटपर्यंत सारख्या राहिल्या की चेहऱ्यात जीव येत नाही.

सुवर्णनगरी (जळगाव): मूळ प्रश्न मागे पडला. मी दागिन्यांचे नमुने करतो. ते थ्रीडी प्रिंटरवर मेणासारख्या रेझिनमध्ये छापून त्यावरून ओतकाम होते. देवीच्या मुखवट्यासारखे उठावाचे काम आले की मी एका महिन्यापुरती वर्गणी भरतो, कारण ती त्या कामातून वसूल होते. ज्याच्या कामाला गिऱ्हाईक नाही, त्याने वर्षभर का भरावी?

अमळनेरकर: वर्षभर भरा असे मी म्हटलेले नाही, तरी तेवढ्यापुरते तुमचे खरे धरतो. पण जाळी बांधण्याचा त्रास ब्लेंडरमध्ये संपला आहे असे कोणी म्हणू नये.

तापीकाठ (भुसावळ): संपलेला नाही, हे मान्य. मात्र छापण्यासाठी मूर्ती करणाऱ्याला ती सुबक जाळी लागतच नाही. ब्लेंडरचे व्हॉक्सेल रीमेश (जाळी एकसारखी नव्याने बांधणे) आणि नंतर डेसिमेट (पॉलिगॉन कमी करणे) एवढ्यावर काम भागते. हालचाल करणारे पात्र घडवायचे असेल, तेव्हा झेडब्रशचा विचार करावा. नवख्याने पहिले पैसे दाब ओळखणाऱ्या पेनच्या टॅबलेटवर घालावेत, कारण माऊसने यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर नीट चालत नाही.