बोटाफोगो 2024: कमावलेला हंगाम की विकत आणलेला?

डावा_विंग

बोटाफोगोच्या 2024 च्या हंगामाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "अमेरिकन शेठचा पैसा होता, जिंकले." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी तो हंगाम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ब्राझीलमधला, रिओ द जानेरोचा फुटबॉल क्लब, गारिंचा आणि निल्तोन सांतोस या जुन्या दिग्गजांचा. पण 2002, 2014 आणि 2020 असा तीनदा दुसऱ्या श्रेणीत घसरलेला. 2022 मध्ये जॉन टेक्स्टरने (हाच तो अमेरिकन शेठ) क्लबच्या फुटबॉल कंपनीचा 90 टक्के हिस्सा घेतला. 2023 मध्ये लीगमध्ये 13 गुणांची आघाडी घेतली आणि ती सगळी उधळून पाचवे आले! त्यातला 1 नोव्हेंबरचा सामना तर बघवत नाही. घरच्या मैदानावर पाल्मेइरासविरुद्ध मध्यंतराला 3-0 पुढे, उत्तरार्धात आपल्याच स्ट्रायकरने, टिकिन्योने, पेनल्टी दवडली, शेवटी 3-4 हार.

त्या पाचव्या क्रमांकामुळे 2024 ची लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतली क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) पात्रता फेरीपासून खेळावी लागली. फेब्रुवारीत प्रशिक्षक तियागो नुनेसची हकालपट्टी. गटातले पहिले दोन्ही सामने हरले. एप्रिलमध्ये पोर्तुगालच्या ब्रागा क्लबहून नवा प्रशिक्षक आर्तुर जॉर्ज आला, तोवर या संघाकडून कुणी काही धरून नव्हतं.

आणि मग नोव्हेंबर आला. लीगमध्ये लागोपाठ तीन बरोबरी. पाल्मेइराससोबत गुण सारखे, आणि 26 तारखेला त्यांच्याच मैदानावर सामना. सगळे म्हणाले, झालं, पुन्हा तेच. बोटाफोगो 3-1 ने जिंकलं. 30 तारखेला ब्यूनोस आयर्समध्ये लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना: पहिल्याच मिनिटात ग्रेगोरेला लाल कार्ड, तरी दहा जणांनी अत्लेतिको मिनेइरोला 3-1 हरवलं. 8 डिसेंबरला साओ पाउलोला 2-1 हरवून लीगही घेतली, 1995 नंतर पहिल्यांदा. एकाच वर्षी लीग आणि लिबेर्तादोरेस याआधी ब्राझीलमध्ये फक्त पेलेच्या काळातल्या सान्तोसने आणि 2019 च्या फ्लामेंगोने जिंकली होती.

पैसा 2023 मध्येही होताच की. मग तेव्हा का नाही जिंकले?

सडाफटिंग

गोष्ट छान सांगितलीत. पण हिशेब कुठाय, दादा?

लुईझ एन्रिके (पॅरिसच्या पीएसजी क्लबचा कोच नव्हे, स्पेनच्या बेतिसहून आणलेला विंगर) आणि थियागो आल्मादा, दोघांचेही सौदे तेव्हा ब्राझीलमधले विक्रमी. आल्मादा जुलैत आला आणि जानेवारीत ल्योंला गेलासुद्धा. हा फ्रान्समधला ल्यों क्लब तेव्हा कुणाचा? टेक्स्टरचाच. आणि ज्या नोव्हेंबरचे तुम्ही गोडवे गाताय, त्याच नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या आर्थिक नियंत्रकांनी ल्योंच्या ताळेबंदाकडे बघून खालच्या श्रेणीत तात्पुरती पदावनती सुनावली होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून इकडे दुहेरी मुकुट मिरवायचा, याला कमावणं म्हणत असाल तर माझा नमस्कार.

"2023 मध्ये का नाही जिंकले?" याचं उत्तर सोपं आहे. तेव्हाचा प्रशिक्षक लुईश कास्त्रो अर्ध्या हंगामात सौदीच्या अल-नस्रला निघून गेला, मग एकामागून एक प्रशिक्षक. 2024 मध्ये आणखी पैसा ओतला आणि प्रशिक्षक टिकला. यात चमत्कार कसला?

रात्रपाळी

पैशाचं तुमचं चालू द्या. मी तो अंतिम सामना आपल्याकडे रात्री दीड वाजता लागला तेव्हा पूर्ण पाहिलाय, त्याबद्दलच बोलतो.

ग्रेगोरेचा बूट थेट मिनेइरोच्या फाउस्तो वेराच्या डोक्याला लागला. लोकांनी अजून बसायला जागाही धरली नव्हती. दुसरा कुठलाही प्रशिक्षक असता तर तिथल्या तिथे एक फॉरवर्ड काढून मधल्या फळीत माणूस आणला असता. आर्तुर जॉर्जने लगेच कुणालाच बाहेर काढलं नाही. आल्मादा आणि साव्हारिनो खाली येऊन बचाव करायला लागले, चेंडू मिनेइरोच्या हवाली केला आणि लुईझ एन्रिकेला धावायला जागा मिळायची वाट पाहिली. पस्तिसाव्या मिनिटाला त्यानेच गोल केला. थोड्या वेळाने त्यालाच गोलरक्षक एव्हेर्सनने पाडलं, व्हीएआरने (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच) पेनल्टी दिली, आलेक्स तेलेसने ती घातली. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच मिनेइरोच्या व्हार्गासने एक गोल फेडला, आणि पुढची पन्नासेक मिनिटं माझ्या तरी घशाला कोरड पडली होती. ज्युनियर सांतोसचा तिसरा गोल आला तो थेट भरपाई वेळेत.

आणखी एक. चार दिवस आधी पाल्मेइरासच्या मैदानावर पहिला गोल कुणी केला होता? याच ग्रेगोरेने. "काही गोष्टी फक्त बोटाफोगोच्याच बाबतीत घडतात" असं रिओत म्हणतात ते उगाच नाही.

पणजीकर

सडाफटिंग, सगळं पैशावर ढकलायचं तर एक प्रश्न. त्याच वर्षी कोपा दो ब्राझीलमधून (ब्राझीलची बाद फेरीची स्पर्धा) बोटाफोगोला बाहेर कुणी काढलं? बायियाने. बायिया कुणाचा? मँचेस्टरवाल्या सिटी ग्रुपचा. म्हणजे पैसेवाल्याला दुसरा पैसेवालाच भेटला. आज ब्राझीलमध्ये वरच्या फळीत पैसा नसलेला क्लब दाखवा मला. फ्लामेंगो आणि पाल्मेइरास कुणा मालकाचे नाहीत, सभासदांचे आहेत, पण गरीब आहेत का?

आपल्याकडेही हेच झालंय. सिटी ग्रुपने 2019 मध्ये मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला आणि 2020-21 मध्ये मुंबईने आयएसएलचे (इंडियन सुपर लीग) शिल्ड आणि कप दोन्ही नेले. अंतिम सामना आमच्या फातोर्ड्यालाच होता, रिकाम्या स्टेडियममध्ये. त्याआधी 2016 मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून (देशातली जुनी लीग) अंग काढून घेतलं तेव्हा गोव्याबाहेर कुणाला फारसं वाईट वाटलं नव्हतं. तेव्हा "विकत घेतलं" म्हणून ओरडणाऱ्यांनी जरा आपल्या अंगणातही डोकावावं.

सडाफटिंग

@पणजीकर, धेंपो-साळगावकरचं दुःख मलाही आहे, म्हणूनच तर ओरडतोय ना! "सगळेच करतात" हा कुठला बचाव?

बोका_विभाग

तुम्ही सगळे ब्राझीलच्या आत बघताय. जरा खंडाकडे बघा.

2019 पासून लिबेर्तादोरेस ब्राझीलबाहेर गेलेलीच नाही. 2024 च्या उपांत्य फेरीत उरुग्वेच्या पेन्यारोलशी काय झालं? मध्यंतराला 0-0, आणि उत्तरार्धात बोटाफोगोचे पाच गोल. पाच वेळा ही स्पर्धा जिंकलेला क्लब तो. परतीच्या सामन्यात ते 3-1 ने जिंकले, पण काय उपयोग. अर्जेंटिनातले क्लब अजून सभासदांच्या संस्था म्हणून चालतात, चांगलं पोरगं दिसलं की दोन वर्षांत विकावं लागतं. पूर्वी ते पोरगं थेट युरोपात जायचं, आता कित्येकदा ब्राझीलमध्ये थांबा घेतं. आल्मादा अर्जेंटिनाचा विश्वविजेता, बचावपटू बार्बोझाही तिकडचाच. त्यामुळे बोटाफोगोची जिद्द वगैरे ठीक, पण शर्यत सुरू होण्याआधीच ते अर्धा किलोमीटर पुढे उभे होते.

डावा_विंग

@बोका_विभाग, हा मुद्दा दमदार आहे. पण तो पाल्मेइरासला लागू होत नाही, फ्लामेंगोला नाही, साओ पाउलोला नाही. बोटाफोगोला वाटेत ब्राझीलचेच किती भेटले बघा: पात्रता फेरीत ब्रागांतिनो, मग पाल्मेइरास, मग साओ पाउलो (पेनल्टी शूटआउटवर), अंतिम सामन्यात मिनेइरो. अर्धा किलोमीटर पुढे उभ्या असलेल्यांशीच तर ते धावत होते.

आणि सडाफटिंगसाठी: स्ट्रायकर इगोर जेझूस फुकट आला, बार्बोझा फुकट आला. ज्युनियर सांतोस एकेकाळी गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. स्पर्धेत सर्वाधिक, 10 गोल त्याचेच.

रात्रपाळी

पाल्मेइरासविरुद्धच्या परतीच्या सामन्यात नशीबही होतं हं. 2-0 वरून 2-2 झालं, आणि गुस्ताव्हो गोमेसचा तिसरा गोल व्हीएआरने हँडबॉल म्हणून काढला. तो धरला असता तर प्रकरण पेनल्टीवर गेलं असतं आणि हा धागाही कदाचित निघाला नसता.

सडाफटिंग

बरं, कमावलं म्हणता ना, मग टिकलं किती? लीग जिंकल्यावर तिसऱ्या दिवशी दोहात मेक्सिकोच्या पाचुकाकडून 0-3 हार. जानेवारीत आर्तुर जॉर्ज कतारला, लुईझ एन्रिके रशियाच्या झेनितला, आल्मादा ल्योंला. रेकोपात (खंडातल्या दोन स्पर्धांच्या विजेत्यांमधली लढत) अर्जेंटिनाच्या रासिंगकडून दोन्ही सामन्यांत 0-2. 2025 च्या लिबेर्तादोरेसमध्ये किटोच्या एलडीयूने उपउपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवलं. आणि तुमचा तो गवंडी कुणाला विकला? अंतिम सामन्यात हरवलेल्या मिनेइरोलाच!

पणजीकर

मधे जूनमध्ये क्लब विश्वचषकात अमेरिकेतल्या रोझ बोल स्टेडियमवर पीएसजीला 1-0 हरवलं ते सोयीस्कर गाळलंत. युरोपचा ताजा विजेता होता तो.

सडाफटिंग

गाळलं नाही, तो सामना मस्तच होता. गोल करणारा इगोर जेझूस त्यानंतर लगेच इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, एवढंच सांगतो.

डावा_विंग

फुकट आणलेला पोरगा इंग्लंडला विकला, त्याचे पैसे क्लबच्या खात्यात आले. मग आता हा शेठचा पैसा की बोटाफोगोचा, ते तुम्हीच ठरवा.