वाचकाला अक्षरांचा आकार, फॉन्ट आणि रंग बदलण्याची सोय कशी द्यावी?

प्रश्न:
मी दीर्घ मराठी लेखांचे एक संकेतस्थळ सांभाळते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या एका वाचकांनी कळवले, की पांढऱ्या पार्श्वभूमीवरची आमची फिकट करडी अक्षरे त्यांना दोन परिच्छेदांपलीकडे वाचवत नाहीत आणि मोबाइलवर दोन बोटांनी पान मोठे करू गेले तर ते होतच नाही. ते वाचून मला फार वाईट वाटले. पानाच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करण्याची बटणे, दोन-तीन फॉन्ट आणि गडद पार्श्वभूमी द्यावी, असा विचार आहे. वाचकाच्या हाती नेमके काय सोपवावे आणि त्याची निवड पुढच्या भेटीपर्यंत कशी टिकवावी?

प्रतिसाद १:
बटणे जरूर द्या, पण त्याआधी वाचकाकडे असलेली सोय आपणच काढून घेतलेली नाही ना, हे तपासा. पान मोठे होत नसेल, तर व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये (पान मोबाइलच्या पडद्यावर कसे बसावे हे सांगणाऱ्या कोडच्या ओळीत) झूम बंद करणारी सूचना असणार. ती आजच काढून टाका. दुसरे म्हणजे, अक्षरांचा आकार पिक्सेलमध्ये बांधलेला असेल तर तो रेममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मूळ आकाराच्या पटीत मोजणाऱ्या एककात, करा. ब्राउझरचा मूळ आकार सहसा १६ पिक्सेल असतो आणि ज्यांना कमी दिसते त्यांनी तो सेटिंगमध्ये वाढवलेला असू शकतो. आपण पिक्सेल लिहिले की त्यांची ती निवड निकामी होते. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करूनही काही झाकले किंवा कापले जाऊ नये, अशी डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा आहे. रंगांचेही तसेच आहे. साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, आणि बऱ्याच थीममध्ये आढळणारा ‘हॅश ९९९’ हा करडा रंग पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. मूळ पानच वाचनीय करा. बटण शोधण्याचे काम ज्याला नीट दिसत नाही त्याच्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. देवनागरीपुरते एक सांगावेसे वाटते, कारण तयार मिळणारी बहुतेक साधने रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. त्यांतले अक्षरांमधील अंतर वाढवणारे बटण आपल्याकडे घेऊ नका. त्याने शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द सुटा सुटा दिसून वाचणे उलट अवघड होते. त्याऐवजी ओळींमधील अंतर वाचकाच्या हाती द्या. वरच्या ओळीत ‘दृष्टी’ आणि नेमके त्याखाली ‘मूर्तींना’ असा शब्द आला, की दाट ओळींत वरचा ऋकार खालच्या वेलांटी-रफार-अनुस्वाराला जाऊन टेकतो, आणि अनुस्वार आहे की नाही हे चांगली नजर असलेल्यालाही कळत नाही. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ नुसार वाचकाने हे अंतर अक्षराच्या दीडपट केले तरी पान मोडता कामा नये. देवनागरीसाठी मी सुरुवातच १.७ पासून करतो. फॉन्ट दोनच पुरेत, मात्र जोडाक्षरे दोन्हींत तपासून घ्या.

प्रतिसाद ३:
निवड टिकवण्यासाठी लॉगिनची गरज नाही, लोकल स्टोरेज, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमधलीच साठवण, पुरते. आकार, ओळींचे अंतर आणि रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमधील बदलता येणाऱ्या मूल्यांत) ठेवा आणि साठवलेली निवड वाचणारी छोटी स्क्रिप्ट हेडमध्येच, म्हणजे मजकुराआधी येणाऱ्या कोडच्या भागात, घाला, नाहीतर गडद पान निवडलेल्या वाचकाच्या डोळ्यांवर प्रत्येक वेळी आधी पांढरा झोत येईल. बटणे खरीखुरी बटणेच असावीत, म्हणजे ती कीबोर्डनेही चालतील. मूळ स्थितीत परत नेणारे बटण विसरू नका.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. झूमची आडकाठी काढली, आकार रेममध्ये केले, अक्षरांचा रंग गडद केला आणि त्या वाचकांना पान पुन्हा पाहण्याची विनंती केली. त्यांच्या संगणकावरील ब्राउझरमध्ये आकार पूर्वीपासूनच २४ ठेवलेला होता. आमचे पिक्सेल तो चालू देत नव्हते. काल त्यांनी एक संपूर्ण लेख वाचला. बटणांचे काम आता ओळींच्या अंतरापासून सुरू करते आहे.