आरसीबीत कर्नाटकाचा एकच पोरगा उरला, आणि सात कोटींचा अय्यर बसवायचा कुठं?

उद्यमबागचा वायंडर

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय. १६ डिसेंबर २०२५ ला दुपारपासनं वार्निशच्या डब्याला फोन टेकवून अबुधाबीचा आयपीएलचा लिलाव बघत बसलो होतो. समोर पाच एचपीच्या पंपाचा स्टेटर, कॉइल भरालो होतो, आणि टर्न मोजताना दोनदा चुकलो. सगळं काढून परत भरलं. एवढं मन लावून बघण्यासारखं आपल्या आरसीबीकडं, म्हणजे बेंगळुरूच्या संघाकडं, खरं तर काही नव्हतंच. सतरा गडी ठेवलेले, आठ सोडलेले, खिशात १६.४० कोटी. त्याच्या आदल्या साली जेद्दाला ८३ कोटी घेऊन बसलो होतो तेव्हा भांडायला तरी मजा होती.

पटलं ते आधी सांगतो. लिव्हिंगस्टनला सोडला, बरं केलं. ८.७५ कोटी घेऊन हंगामभरात ११२ रन. आता हैदराबादनं त्याला १३ कोटी दिलेत, देऊ देत, त्यांचा पैसा. जेकब डफी दोन कोटीत मिळाला हे तर पडलेलं सापडल्यासारखं झालं. हेझलवूड दुखापतीनं अख्ख्या ॲशेसला मुकला, त्याच्या पायाची हमी कोण घेणार?

पण वेंकटेश अय्यरला सात कोटी? १६.४० मधले सात? सॉल्ट, कोहली, पडिक्कल, पाटीदार, जितेश, कृणाल, डेव्हिड, शेफर्ड. ह्यातल्या कुणाला उठवणार सांगा. कोलकात्याकडं २३.७५ कोटींचा होऊन २०२५ ला १४२ रन काढलेत त्यानं. आणि जेद्दाला त्याच्यासाठी २३.५० पर्यंत हात वर करत गेलेले कोण, तर आपणच! तेव्हा मी देव पाण्यात घातले होते, कोलकात्यानं आणि एकदा हात वर करावा म्हणून. केला. सुटलो म्हणालो. वर्षानं परत तोच माणूस दारात उभा.

दुसरं दुखणं जरा आतलं हाय. मयंक अगरवालला सोडला. लखनौविरुद्ध २२८ करायचे होते तेव्हा जितेशचे ३३ चेंडूंतले ८५ सगळ्यांच्या लक्षात हायत, दुसऱ्या टोकाला नाबाद ४१ करून उभा होता तो मयंक. मनोज भांडगेला पण सोडला, तो तर बाकावरच जास्त बसला. आणि नवे आठ घेतले त्यात कर्नाटकाचा एक नाही. पंचवीस जणांत पडिक्कल एकटा. पाटीदार मध्य प्रदेशचा, अय्यर मध्य प्रदेशचा, ५.२० कोटी मोजून आणलेला मंगेश यादव, तो पण मध्य प्रदेशचा. पाटी बेंगळुरूची आणि भरती तिकडची.

मी चुकालोय काय? सांगा.

यार्डातला अडत्या

भावा, एकदा पहाटे यार्डात बटाट्याच्या सौद्याला ये, मग तुला अय्यर समजंल. गेल्या साली काय भाव गेला ते आज कोण विचारत नाही. आज माल किती आणि घेणारे किती, संपला विषय. जेद्दाला शेवटी दोघंच इरेला पेटलेले, आपण आणि कोलकाता. दोन व्यापारी इरेला पेटले की मऊ पडलेला बटाटा पण सोन्याच्या भावानं जातो, रोज बघतो मी. ह्या खेपेला कोलकात्यानं आधीच कॅमेरून ग्रीनवर २५.२० कोटी ओतले होते. मग अय्यरचा भाव उतरणारच की. तोच माल, २३.७५ वरनं सातावर. तू २३.७५ मनात धरून सातला महाग म्हणालास, उलटं हाय ते.

आणि शेवटाला बघ, पंचवीसच्या पंचवीस जागा भरून फक्त २५ लाख उरवून उठलेत. ह्याला म्हणतात खरेदी. आपला जुना आरसीबी आठव. दोन नावाजलेले फलंदाज घ्यायचे, आणि अठरावी ओव्हर टाकायला कोण नाही.

कर्नाटकाच्या पोराचं मला काय सांगता येत नाही. यार्डात हासनचा बटाटा येतो, गावठी पण येतो. गिऱ्हाईक गाव बघत नाही, कापून बघतंय.

खानापूरची पलटन

आरसीबीवाल्यांनी ट्रेड (लिलावाबाहेर संघासंघांत होणारी खेळाडूंची देवघेव) आणि खरेदीवर बोलायचं म्हणजे कमालच. २०२३ ला ग्रीन तुम्ही आमच्या मुंबईकडनं १७.५० कोटी रोख देऊन नेला, आणि त्या मोकळ्या झालेल्या पैशात आम्ही हार्दिकला गुजरातहून १५ कोटींत घरी आणला. अजून आभार मानतो तुमचे. जेद्दाला विल जॅक्स ५.२५ कोटींत आमचा झाला, तुमच्या हातात आरटीएम कार्ड, म्हणजे आपला जुना गडी परत घ्यायचा हक्क, असून उचललं नाही. आकाश अंबानी स्वतः उठून तुमच्या टेबलाकडं हात मिळवायला गेला. तो फोटो दोन महिने माझा डीपी होता.

यंदा आमच्याकडं २.७५ कोटी होते, सगळ्यात कमी. तरी डी कॉक एक कोटीत. त्याआधी ट्रेडमध्ये शार्दूल लखनौकडनं दोन कोटीत, रुदरफोर्ड गुजरातकडनं २.६० मध्ये, मार्कंडे कोलकात्याकडनं ३० लाखांत. अर्जुन तेंडुलकर गेला लखनौला, त्यावर मी बोलत नाही, घरात मोठी माणसं वाचतात.

पण वायंडर, मूळ मुद्दा राहिला. बेळगावात राहून, मराठीत लिहून, कर्नाटकाचा पोरगा का नाही म्हणून रडालास? एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या गल्लीतला ना तू? तुला कधीपासनं एवढा पुळका?

उद्यमबागचा वायंडर

हे कोणतरी विचारणार म्हणून वाटच बघत होतो. खानापूरकरा, ऐक.

२००८ ला पहिली मॅच. कोलकात्याच्या मॅकलमनं १५८ मारले आणि आपण ८२ त आटोपलो. आमच्या घरात सगळे हसले. पण बेंगळुरूचा कॅप्टन कोण, तर द्रविड. जन्म इंदूरचा, घरात मराठी, आयुष्यभर खेळला कर्नाटकाकडनं. माझ्यासारख्याला आणि काय पाहिजे होतं? माझं लाइट बिल कन्नडमध्ये येतंय, दुकानाची पाटी कन्नडमध्ये, आईच्या शिव्या मराठीत. मुंबईच्या टीममध्ये असा माणूस मला दिसला नाही. सचिन सगळ्यांचाच देव, पण द्रविड मला आमच्या गल्लीतला वाटला. त्या साली आठ टीममध्ये सातवे आलो, तरी सोडलं नाही. 'ई साला कप नमदे' मी पण ओरडलोय, २०२५ च्या तीन जूनला फायनलात सहा रननी पंजाबला धरलं तेव्हा तर घसा बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत चेंगराचेंगरीत ते अकरा जीव गेले आणि आनंद घशातच राहिला, ते वेगळं.

आणि कर्नाटकाचा पोरगा म्हणजे मला कन्नड बोलणाराच पाहिजे असं कुठं म्हणालो? धारवाड झोनच्या मैदानावर घासून वर आलेला पाहिजे. आपल्या बेळगावचा रोनित मोरे आयपीएलमध्ये चेन्नईच्या संघात गेला, आम्ही पेपर कापून ठेवला होता. केपीएल, म्हणजे कर्नाटक प्रीमियर लीग, होती तोवर निदान बेळगावी पँथर्स नावाची टीम तरी होती. आता तिच्या जागी आलेल्या महाराजा ट्रॉफीच्या सहा संघांत हुबळी हाय, गुलबर्गा हाय, शिवमोगा हाय, बेळगाव नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा झोनच्या निवडीला तीनदा जाऊन आलाय, त्याचा बाप माझ्याकडं हेल्पर हाय. त्या पोराला कोण बघणार आणि कुठं? तुमच्या यार्डात माल आला तरच कापून बघणार ना, अडत्या? ट्रकच गावातनं सुटला नाही तर?

अनगोळची

आधीच सांगतो, मी बाई आहे. आमच्याकडे बायका 'येतो-जातो'च म्हणतात, पुण्यामुंबईच्या लोकांनी दुरुस्त करत बसू नये.

वायंडर, तुम्ही आठ नावं मोजली आणि इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामन्यात मध्येच उतरवता येणारा बदली खेळाडू, विसरलात. गेल्या हंगामात बहुतेक वेळा कसं चाललेलं? आधी बॅटिंग असली तर पडिक्कल खेळून जायचा आणि बॉलिंगला सुयश शर्मा यायचा, पाठलाग असला तर उलट. म्हणजे अय्यरची लढत आठ जणांशी नाही, एकट्या पडिक्कलशी. आता पडिक्कलचं बघा. जेद्दाला पहिल्या फेरीत कोणी हात वर केला नव्हता, नंतर दोन कोटीत आला. दहा सामन्यांत २४७, दीडशेच्या स्ट्राइक रेटनं. मग मांडी दुखावली आणि ऐन मे महिन्यात मयंकला फोन करून बोलवावं लागलं. मयंक धावला म्हणून निभावलं. अय्यर हे त्या फोनचं उत्तर आहे. सॉल्ट उजवा, कोहली उजवा, पाटीदार उजवा, तिसऱ्या नंबरला डावखुरा पाहिजे. एक बसला तर दुसरा तयार.

बाकीचे पण तसेच बघा. हेझलवूडच्या मागे डफी. दयालच्या मागे मंगेश यादव, दोघं डावखुरे. सॉल्टच्या मागे जॉर्डन कॉक्स, ७५ लाख. कृणालच्या मागे विकी ओस्तवाल, ३० लाख. प्रत्येक खुर्चीमागे एक खुर्ची लावलीय. हा लिलाव गाडी घ्यायचा नव्हताच, स्टेपनी घ्यायचा होता.

मी गेल्या वेळी सिराजसाठी रडलो होतो, खोटं कशाला बोलू. सात वर्षं आपला होता, आणि गुजरातनं १२.२५ कोटी म्हटल्यावर कार्ड टेबलावरच राहिलं. त्या रात्री जेवलो नाही. सासूबाई म्हणाल्या, कोण गेलं? त्याच लिलावात ५.७५ ला कृणाल घेतला तेव्हा मी पण नाक मुरडलं. त्यानंच फायनलला चार षटकांत १७ देऊन दोन घेतले. तेव्हापासनं ह्यांच्या खरेदीवर मी लगेच बोलत नाही. एक एप्रिल महिना जाऊ देतो.

कर्नाटकाच्या बाबतीत मात्र मी वायंडरच्या बाजूनं. ३० लाखांच्या चार जागा होत्या. चारांतली एक तरी द्यायला काय हरकत होती?

निपाणीकर, मुक्काम पुणे

कुणीच मोजलं नाही म्हणून मी मोजलं. जितेश शर्मा अमरावतीचा. विकी ओस्तवाल लोणावळ्याचा, २०२२ चा १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेल्या संघातला. म्हणजे बेंगळुरूच्या संघात महाराष्ट्राची पोरं दोन आणि कर्नाटकाचं एक. आणि तो जो एक आहे, पडिक्कल, तोही जन्मानं केरळचा. इकडे आपण सत्तर वर्षं सीमाभागातल्या गावांची यादी घेऊन बसलोय, तिकडे ड्रेसिंग रूममध्ये प्रश्न निकालात निघाला.

बाकी अनगोळच्या ताईंचं म्हणणं मान्य, पण स्टेपनीला सात कोटी? त्यात चार टायर आले असते. चेन्नईकडे बघा. जडेजा आणि सॅम करन देऊन राजस्थानकडनं संजू सॅमसन आणला. आवडो न आवडो, त्याला म्हणतात हालचाल. आपण यंदा ट्रेड एकही केला नाही.

यार्डातला अडत्या

निपाणीकर, कप जिंकलेल्यानं हालचाल कशाला करायची? बसलेल्या दुकानाची जागा बदलत नाहीत. जडेजा १८ वरनं १४ वर येऊन राजस्थानला गेला, बरं वाटलं काय बघायला? आणि आपल्या मालकानंच २०२५ च्या नोव्हेंबरात संघ विकायचा विचार जाहीर केला होता. दुकान विकायच्या वेळी कोण नवीन शोकेस करत नाही, हाय तो माल पुसून मांडतंय.

खानापूरची पलटन

द्रविडचं बोललास तिथं गप्प बसलो. तो राजस्थानकडं गेला तेव्हा तू पण का गेला नाहीस, एवढंच सांग.

उद्यमबागचा वायंडर

राजस्थानकडं कशाला जाऊ? मी काय द्रविडचं सामान उचलाय होतो? गडी गेला तरी तालीम सोडायची नसते.

अनगोळच्या ताई, तुमचं सगळं पार्टनरला वाचून दाखवलं. तो अय्यरच्या बाजूचा, खूश झाला, पण स्टेपनी म्हटल्यावर चिडला. त्याचं म्हणणं, पहिल्याच सामन्यात अय्यर तीन नंबरला येणार आणि पडिक्कल बसणार. मी म्हणतो पडिक्कल. हरणाऱ्यानं महिनाभर सकाळचा चहा सांगायचा, वर त्या पोराला, आमच्या हेल्परच्या, नवीन बॅटिंग ग्लोव्हज घेऊन द्यायचे. ग्लोव्हज कसेही मिळणारच, म्हणून त्याचा बाप दोन्हीकडनं ओरडालाय.

तो पाच एचपीचा पंप काल गेला. गिऱ्हाईक कडोलीचं, बोलता बोलता चेन्नईवाला निघाला. बिलात एक रुपया सोडला नाही.