प्रतिसाद: पेन्सिली वाटून काय होणार?

वर म्हटलंय की शहरातल्या आयांचा गट गावच्या शाळेत येतो, पेन्सिली वाटतो, ‘खूप शिका’ म्हणतो आणि फोटो काढून जातो. खरंय, आमच्याकडेही असा एक गट येऊन गेला. पोरं तासभर उन्हात बसली होती. पण आया म्हटलं की तेवढंच, असं नाही हो.

2022 पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ शाळापूर्व तयारी मेळावे होतात. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी, एक एप्रिलकडे, दुसरा जूनमध्ये. वाडीवस्तीवर चार-पाच आयांचा गट, त्यातली एक लीडर माता. मोबाईलवर आठवड्याचा उपक्रम येतो, तो घरी करून घ्यायचा.

आमच्या मेळाव्यात भाषेच्या टेबलावर मी होते. शेजारच्या वस्तीवरच्या बायकाही आल्या होत्या. शेजारच्या गणनपूर्व तयारीच्या (म्हणजे आकडे शिकण्याआधीच्या) टेबलावर ताटात मूग, हरभरा, राजमा मिसळून वेगळं करायला दिलेलं. एक पोरगा काही केल्या हात लावेना. शेवटी त्या वस्तीवरची एक आजी (हो, आजीच, सून कामाला गेलेली) त्याच्यासमोर बसली आणि मुद्दाम राजम्यात हरभरा टाकायला लागली. ‘आज्जे, चुकलं की!’ म्हणत त्यानं अख्खं ताट निवडून दिलं. विकासपत्रावर (मुलाला काय जमतं ते नोंदवायचा कागद) काय खूण केली आठवत नाही.

तुमच्याकडच्या गटाला भाषणाऐवजी मूग-हरभरा घेऊन यायला सांगा. आणि सावलीत बसवा पोरांना.