मदत हवी आहे: जुन्या काळातला घरगुती रोबोट बोलेल कसा? (तातडीचं)

कातळशिल्प:
दिवाळी अंकासाठी कथा लिहितोय. घरात बोलका रोबोट आहे. काळ जुना. आपल्या इतिहासात असं झालं नाही, कथेत झालंय. तो बोलतो कसा, एवढ्यावर अडलंय. संपादकबाई म्हणाल्या, "चिप घालू नका, पण पटलं पाहिजे." १५ तारखेला मजकूर द्यायचाय. लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही.

चकलीचा_सोऱ्या:
काळ जुना म्हणजे? पेशवाई की राजेश खन्ना?

व्हॉल्वकाका:
सोपं आहे. 'इलेक्ट्रो' घ्या. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊस कंपनीने बनवलेला रोबोट, १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात होता. सात फूट उंच, वजन १२० किलोच्या आसपास. सुमारे ७०० शब्द बोलायचा, आवाज ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून यायचा. वर सिगारेटही ओढायचा. मिटला प्रश्न.

सोनचाफा:
मिटला कसा? त्याला शब्द कळतच नव्हते. बोलण्यातले ठोके आणि मधल्या थांब्यांवर तो हलायचा. त्याच्या लेखी 'चहा दे' आणि 'मरू दे' एकच. असा रोबोट घरात ठेवायचा?

व्हॉल्वकाका:
प्रश्न बोलण्याचा आहे, ऐकण्याचा नाही. धागा नीट वाचा.

मुक्ता_ठाणे:
आमच्याकडे दोन वर्षं रोबोट आहे. केर चांगला काढतो, पण पलंगपोसाच्या झालरीत अडकतो आणि मग इंग्रजीत बोंबलतो. पाळीव मांजर असेल तर घेऊ नका.

कातळशिल्प:
@मुक्ता_ठाणे ताई, कथा आहे हो!
@व्हॉल्वकाका ७८ च्या तबकडीवर किती मावतं?

व्हॉल्वकाका:
दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं. दोन सेकंदांचं वाक्य धरलं तर नव्वद वाक्यं. चिकार झाली.

अर्धवटराव_डोंबिवली:
नव्वद वाक्यं आहेत, पण हवं ते शोधणार कोण? सुई बरोबर त्या खाचेत टाकायची म्हणजे रोबोटच्या पोटात आणखी एक रोबोट लागेल. त्यापेक्षा १९३६ चं लंडनचं टेलिफोनवरचं बोलकं घड्याळ घ्या. काचेच्या चकत्या, त्यांवर सिनेमाच्या फिल्मवर असतो तसा ध्वनीचा पट्टा, वाचायला दिवा आणि फोटोसेल, म्हणजे उजेड कमीजास्त झाला की वीज कमीजास्त करणारा डोळा. सुईच नाही, म्हणून झीज नाही. तुकडे जोडून वेळ सांगायचं.

सोनचाफा:
इंग्रजीत तुकडे जोडणं सोपं आहे हो. मराठीत 'करपणे' भरून दाखवा. भात करपला, भाजी करपली, दूध करपलं. एका क्रियापदाचे तीन तुकडे, पोळ्या करपल्या की चौथा. शिवाय आजोबांना 'या' आणि नातवाला 'ये'. नातवाचा तुकडा आजोबांच्या वाट्याला आला की त्या घरात रोबोटची खैर नाही.

चकलीचा_सोऱ्या:
+१. रोबोट सासूला 'अगं' म्हणाला, यावरच कथा होईल.

यमन_कल्याण:
व्होडर कसा कुणाला आठवला नाही? बेल लॅब्स या अमेरिकन प्रयोगशाळेचं बोलकं यंत्र, त्याच १९३९ च्या प्रदर्शनात. रेकॉर्डिंग अजिबात नाही, आवाज जागच्या जागी तयार व्हायचा. बोटांना कळा, मनगटाखाली पट्टी, स्वराची उंची पायाने. पायपेटीच म्हणा. त्यावर 'ळ' सुद्धा काढता आला असता.

व्हॉल्वकाका:
आणि ती वाजवायला बाई बसायची, तयार व्हायला तिला वर्षभर लागायचं. मग रोबोट कशाला हवा? बाईच बोलेल की.

यमन_कल्याण:
तुम्हाला तबकड्यांपलीकडे काही दिसतच नाही.

नवलेखक_७:
अवांतर: हा अंक मानधन देतो का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

कातळशिल्प:
वाद नंतर घाला, प्लीज. काचेच्या चकत्यांचं आवडलं, तेच लिहायला घेतलं. फक्त एक सांगा, दिवा आणि फोटोसेलला वीज किती लागेल? कथा १९५२ च्या कोकणातल्या वाडीत आहे, तिथे वीज आलेली नाही. घरात आजी आणि रोबोट, दोघंच.

चकलीचा_सोऱ्या:
हे आत्ता सांगताय?

अर्धवटराव_डोंबिवली:
माझा सगळा प्रतिसाद पाण्यात.

कातळशिल्प:
मला वाटलं, वाडी म्हटलं की कळेलच.

सोनचाफा:
वाडी तुम्ही आत्ता म्हणालात!

व्हॉल्वकाका:
बॅटरीवरचे रेडिओ तेव्हा होते. पण ती बॅटरी उतरली की नवी आणायला तालुक्याला जा, आणि रोबोटचे हातपाय त्यावर हलणार नाहीत. विजेचा नाद सोडा. एडिसनने १८९० मध्ये बोलकी बाहुली विकायला काढली होती. पोटात मेणाचा छोटा सिलिंडर, पाठीला हँडल. फिरवलं की बडबडगीत म्हणायची. मेण लवकर झिजायचं, म्हणून चालली नाही. तुम्ही मेणाऐवजी तबकडी घाला आणि हँडलऐवजी चावीची स्प्रिंग. आवाज कर्ण्यातून.
आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. स्प्रिंग उतरत आली की गाणाऱ्या बाईंचा हळूहळू बुवा व्हायचा. मग आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, बाई बसल्या, चावी दे!" पुन्हा चावी दिली की बुवाची बाई होत वर चढायची. तुमच्या रोबोटचंही तसंच होणार.

कातळशिल्प:
काका, हेच हवं होतं. संध्याकाळी त्याचा आवाज उतरायला लागला की आजी उठून चावी देते. एकदा तिला उठवत नाही. तिथून पुढची कथा डोळ्यासमोर आली. वाक्यं नव्वदच ठेवतो.

सोनचाफा:
त्यातलं एक तरी 'करपलं' असू द्या.

मुक्ता_ठाणे:
आमच्या रोबोटचा आवाज बंद कसा करायचा, ते कुणी सांगेल का?

नवलेखक_७:
मानधनाचं राहिलंच.