कायोटीच्या शिकारीत इलेक्ट्रॉनिक डिकॉय वापरणे योग्य आहे का?

रानवाट (सॅन अँटोनियो, टेक्सास)

टेक्सासच्या एडवर्ड्स पठारावर शेळ्या-मेंढ्या पाळणारी अनेक कुटुंबे आहेत, आणि त्यांच्या करडा-कोकरांना सर्वांत जास्त धोका कायोटीचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याचा असतो. इथल्या एका शेळीपालकाच्या विनंतीवरून मी त्याच्या रानात कायोटीची शिकार करतो. माझे मत असे आहे की, जिथे कायोटी मारणे कायद्याला मान्य आहे आणि मारण्याचे कारण खरे आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक कॉलर (प्राण्यांच्या हाका वाजवणारे उपकरण) आणि त्याच्या जोडीला हलता डिकॉय (खोटे सावज) ही सर्वांत जबाबदार पद्धत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी विरोध जरूर करावा, परंतु त्याआधी ही जोडी नेमकी कशी काम करते ते समजून घ्यावे.

कॉलर म्हणजे रिमोटवर चालणारा स्पीकर. त्यात सशाचे विव्हळणे, हरणाच्या पाडसाचे ओरडणे, उंदरांची चिवचिव आणि खुद्द कायोटीच्या हाका साठवलेल्या असतात. डिकॉय त्याहून साधा असतो. जमिनीत खोचलेल्या खुंटीवर एक छोटी मोटर असते, तिला लवचीक तार जोडलेली असते आणि तारेच्या टोकाला फरचा झुपका असतो. मोटर चालू झाली की झुपका कधी थांबत, कधी उलट फिरत तडफडतो आणि लांबून पाहणाऱ्या प्राण्याला तो जखमी ससा वाटतो. आवाजाने प्राणी बोलावण्याची कल्पना मुळीच नवी नाही. मार्बल फॉल्सचे मरी आणि विन्स्टन बर्नम हे भाऊ तोंडाने वाजवायच्या शिट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते, तर वेकोच्या जॉनी स्ट्यूअर्टने १९६०च्या दशकात खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या विकल्या.

मांडणीची सगळी मदार वाऱ्यावर असते. कायोटी आवाजाकडे सरळ क्वचितच येतो. तो वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूला जातो, वास घेतो आणि खात्री पटली तरच पुढे येतो. म्हणून मी वारा आडवा, एका गालावर येईल असा बसतो आणि कॉलर माझ्यापासून ३० ते ५० मीटरांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवतो, म्हणजे वळसा घालणारा प्राणी माझ्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधीच समोरच्या मोकळ्या जागेत दिसतो. डिकॉय कॉलरपासून दोन-तीन मीटर अंतरावर, खुरट्या गवतात किंवा लहानशा उंचवट्यावर खोचतो. गुडघाभर गवतात तो दिसतच नाही, आणि मेस्कीटच्या दाट झुडपांत तर तो नेण्याचे कारणच नाही. सूर्य पाठीशी घेतो, गाडी टेकाडाआड ठेवतो आणि उपकरणाला हात लावताना मोजे घालतो. सुरुवातीला आवाज हळू ठेवतो, कारण जवळच बसलेला प्राणी एकदम आलेल्या मोठ्या आवाजाने बिथरतो. मग तो हळूहळू वाढवतो. १५ ते २० मिनिटांत काही आले नाही तर जागा बदलतो.

खरा मुद्दा यानंतरचा आहे. कायोटीला लाल आणि हिरव्या रंगातला फरक नीट कळत नाही, परंतु हालचाल तो फार लांबून टिपतो. डिकॉय नसेल, तर आवाजाचा उगम शोधत फिरणारी त्याची नजर शिकाऱ्याच्या हाताच्या किंचित हालचालीवर येऊन थांबते, प्राणी पळतो आणि अनेक शिकारी पळत्या प्राण्यावर गोळी झाडतात. जखमी होऊन झुडपात जाऊन मरणारे प्राणी बहुतांशी अशा गोळ्यांचे असतात. डिकॉय असेल, तर नजर त्याच्यावर खिळते. मी आवाज कमी करतो, झुपका हलता ठेवतो, आणि प्राणी जवळच्या अंतरावर, आडवा, क्षणभर स्थिर उभा मिळतो. तो कायोटीच आहे, शेजाऱ्याचा कुत्रा किंवा करडा कोल्हा नाही, हे पाहायलाही वेळ मिळतो आणि दुसरे काही आले असेल तर गोळी न झाडता त्याला जाऊ देता येते. फासा किंवा कायोटी मारण्यासाठी जमिनीत पुरलेली, ओढताच विष उडवणारी सायनाइडची नळी अशी निवड करत नाही. २०१७ मध्ये आयडाहोतील पोकाटेलोजवळ अशाच एका नळीमुळे एका मुलाला विषबाधा झाली आणि त्याच्या सोबतचा कुत्रा मेला.

कुकडीकाठ (जुन्नर)

आपण मांडणीचे केलेले वर्णन काळजीपूर्वक आहे, परंतु त्याने सिद्ध होते ते एवढेच की या पद्धतीने मारणे स्वच्छ होते. मारल्याने शेळ्या वाचतात की नाही, हा प्रश्न तसाच राहतो. आमच्या तालुक्याचा अनुभव इथे सांगणे गरजेचे वाटते. २००१ नंतर जुन्नर परिसरातून मोठ्या संख्येने बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, आणि ही मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी १७ झाली. बिबट्या आणि कायोटी हे वेगळे प्राणी आहेत आणि स्थलांतर म्हणजे शिकार नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही प्राणी उचलला म्हणजे प्रश्न उचलला, हे गृहीतक दोन्हीकडे सारखेच आहे आणि आमच्याकडे त्याची किंमत माणसांनी मोजली.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे आमच्या धनगरांना आणि शेळीपालकांना कुत्रे, जाळीचे वाडे, रात्रीची राखण आणि नुकसानभरपाई यांतूनच मार्ग काढावा लागतो. तो मार्ग पुरेसा आहे असा माझा दावा नाही, भरपाई मिळवताना लोकांचे हाल होतात. परंतु तो मार्ग न चालताच बंदूक उचलणे मला पटत नाही.

चेसापीक (मेरीलँड)

माझा आक्षेप साधनावरच आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा अमेरिकी शिकाऱ्यांचाच क्लब आहे, प्राणिमित्रांचा नव्हे. त्या क्लबच्या विक्रमनोंदीसाठी प्राणी आकर्षित करायला इलेक्ट्रॉनिक साधन वापरलेली शिकार ग्राह्य धरली जात नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत ध्वनिमुद्रित हाका वाजवण्यास संघराज्याच्या नियमांनी सर्वसाधारणपणे मनाई आहे, आणि कॅलिफोर्नियात पाणपक्ष्यांच्या हंगामाच्या पहिल्या भागात, ३० नोव्हेंबरपर्यंत, मोटरवर पंख फिरवणारे डिकॉय वापरता येत नाहीत. म्हणजे बदकाच्या बाबतीत ज्या साधनाला अनुचित म्हटले जाते, तेच कायोटीच्या बाबतीत चालते. यामागे मला एकच कारण दिसते, ते म्हणजे कायोटीला आपण प्रतिष्ठा नाकारली आहे.

या नाकारण्याचा परिणाम स्पर्धांमध्ये दिसतो. जास्तीत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांमध्ये हेच कॉलर आणि हेच डिकॉय सर्रास वापरले जातात. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा बक्षिसांवर बंदी घातली, त्यानंतर व्हरमाँट, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि २०२१ मध्ये आमच्या मेरीलँडनेही पाऊल उचलले. टेक्सासमध्ये अशी बंदी नाही. शेळीपालकाची गरज पुढे करून विकले जाणारे हे साधन प्रत्यक्षात कोणाच्या हातात जाते, हा प्रश्न धागालेखक रानवाट यांनी टाळला आहे.

गव्हाळ (कॅन्सस)

मी कॉलर वापरतो, परंतु डिकॉयबद्दल धागालेखकांइतका उत्साही नाही. गव्हाच्या मोकळ्या रानात डिकॉयचा फायदा निश्चित होतो. मात्र ज्या रानात हिवाळाभर वेगवेगळे लोक तेच आवाज आणि तोच झुपका घेऊन बसतात, तिथले कायोटी जानेवारीपर्यंत शहाणे झालेले असतात आणि दुरूनच वळतात. अशा ठिकाणी काठीला दोऱ्याने बांधलेले टर्कीचे पीस पुरते. ते वाऱ्यावर हलते, मोटरची घरघर नसते आणि थंडीत बॅटरी मान टाकेल याची चिंता नसते. मोटरचा डिकॉय वापरायचाच असेल तर तो सतत फिरवू नये, प्राणी दिसल्यावरच थोडा थोडा हलवावा.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण या धाग्यावर एच-वन-बी व्हिसावर असलेले वाचक असतील. अशा व्हिसावरील व्यक्तीला बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मुळात मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद आहे. मित्राची बंदूक थोडा वेळ हातात घेण्याआधीही हे तपासावे, कारण चूक झाल्यास प्रश्न दंडापुरता राहत नाही.

चेसापीक (मेरीलँड)

शहाण्या झालेल्या कायोटींचा हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. कॉलरला फसतात ते बहुधा तरुण, अननुभवी प्राणी, आणि कोकरे मारणारे प्राणी बहुधा ते नसतात. मग नेमके कोणाला मारले जाते?

संख्येबद्दलही बोलायला हवे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वाइल्डलाइफ सर्व्हिसेस या विभागाने २०१९ ते २०२१ या काळात दरवर्षी ६०,०००हून अधिक कायोटी मारले, खासगी शिकारी त्याहून वेगळे. तरीही एके काळी मुख्यतः पश्चिमेकडच्या मैदानांत आणि वाळवंटांत राहणारा हा प्राणी आज हवाई सोडून सगळ्या राज्यांत आहे. कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपानुसार दरवर्षी ७० टक्के कायोटी मारले तरी संख्या टिकून राहू शकते. रेबीजचे कारणही पुढे केले जाते, म्हणून तेही इथेच सांगते. दक्षिण टेक्सासमध्ये १९८८ पासून कायोटींमध्ये रेबीज पसरला होता. तो आटोक्यात आणला तो १९९५ पासून विमानांतून टाकलेल्या लसयुक्त आमिषांनी.

रानवाट (सॅन अँटोनियो, टेक्सास)

स्पर्धांबद्दल माझे आणि चेसापीक यांचे मत एकच आहे. बक्षिसासाठी मारणे मला मान्य नाही आणि टेक्सासने त्यावर बंदी घातली तर मी तिचे स्वागत करीन. परंतु साधनाचा गैरवापर होतो म्हणून साधनच अनुचित ठरत नाही. बदकांशी केलेली तुलनाही मला पटत नाही. बदकांची शिकार खेळ आणि खाणे यांसाठी होते, तिथे प्राण्याला निसटण्याची संधी ठेवणे हा खेळाचा नियम आहे. करडे वाचवण्यासाठी मारताना निसटण्याची संधी म्हणजे जखमी होऊन निसटण्याची संधी, आणि ती मी मुद्दाम ठेवणार नाही.

७० टक्क्यांचा आकडा मी नाकारत नाही. राज्यभरातले कायोटी कमी करणे हा माझा उद्देशच नाही, एका कुरणाभोवतीचे नुकसान थांबवणे एवढाच आहे. कोणाला मारले जाते, या प्रश्नाला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉपलँड केंद्रातल्या संशोधनात उत्तर आहे. तिथे असे दिसले की, मेंढ्या मारणारी असते ती प्रामुख्याने त्या इलाख्यातली प्रजनन करणारी जोडी. सरसकट कायोटी मारून नुकसान कमी झाले नाही, त्या जोडीतला प्राणी काढल्यावर मात्र काही काळ झाले. सशाच्या विव्हळण्याला कोणताही भुकेला कायोटी येतो, परंतु परक्या कायोटीची हाक किंवा पिल्लाचे केकाटणे ऐकून इलाख्याची मालक जोडीच धावून येते. नेमक्या दोषी प्राण्यापर्यंत पोहोचवणारे दुसरे साधन मला माहीत नाही. त्या जोडीला सापळ्यात पकडणे फार कठीण जाते, हेही तिथेच आढळले आहे.

कुकडीकाठ (जुन्नर)

पिल्लाचे केकाटणे वाजवून आईला बोलावणे आणि मारणे, हे वाक्य आपण इतक्या सहज लिहिलेत की मी ते दोनदा वाचले. एप्रिल-मे महिन्यांत जन्मलेली पिल्ले कित्येक आठवडे आईबापांनी आणलेल्या अन्नावरच जगतात. त्या काळात हा आवाज वाजवला, तर एका गोळीने संपूर्ण वेत बिळात उपाशी मरू शकते. आपण वर स्वच्छ मरणाविषयी लिहिले आहे. त्या मरणात बिळातली पिल्ले मोजलेली नाहीत.

रानवाट (सॅन अँटोनियो, टेक्सास)

तो आवाज मी जानेवारी ते मार्च या काळात वाजवतो. तेव्हा जोड्या जमलेल्या असतात, इलाखा राखण्याची त्यांची वृत्ती तीव्र असते आणि पिल्ले जन्मलेली नसतात. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मी तो वाजवत नाही. मात्र एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही: कोकरांचे सर्वाधिक नुकसान बिळात पिल्ले असतानाच होते, कारण त्यांना भरवण्यासाठी आईबाप मोठी शिकार शोधतात. त्यामुळे मेंढपाळ मला नेमके त्याच महिन्यांत बोलावतात आणि मी नाही म्हणतो तेव्हा ते नाराज होतात.

चेसापीक (मेरीलँड)

हेच कारण उलट बाजूनेही पाहता येते. ब्रॉम्ली आणि गीझ यांनी यूटामध्ये कायोटींवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा रानात सोडले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या टोळ्यांत पिल्ले झाली नाहीत त्यांनी कोकरे लक्षणीयरीत्या कमी मारली आणि इलाखाही सोडला नाही, त्यामुळे बाहेरचे कायोटी तिथे शिरले नाहीत. ही पद्धत खर्चिक आहे आणि एकट्या शेळीपालकाला परवडणारी नाही, हे खरे. परंतु कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीने २००० साली वाइल्डलाइफ सर्व्हिसेसबरोबरचा करार संपवून तोच पैसा राखणीचे कुत्रे आणि कुंपणे यांच्या खर्चात वाटा उचलण्यासाठी वळवला, म्हणजे सार्वजनिक पैसा दुसऱ्या बाजूला वळू शकतो. आपल्या शेळीपालकाकडे राखणीचे कुत्रे आहेत का?

रानवाट (सॅन अँटोनियो, टेक्सास)

आहेत. दोन ग्रेट पिरनीज आहेत आणि ज्या कुरणात ते असतात तिथे मला कधी बोलावणे आलेले नाही. मला बोलावले जाते ते दूरच्या तिसऱ्या कुरणासाठी, जिथे करडे असतात पण कुत्रे पुरत नाहीत. तिथे आणखी एक जोडी ठेवावी असे मीही त्यांना सुचवले आहे. कुत्रे वाढवून तयार व्हायला दीड-दोन वर्षे लागतात आणि तोवर त्या कुरणात हिवाळ्यात कॉलर आणि डिकॉय लागेल.