फोनवरचं अवलंबन मोजायचंय, पण 'सामाजिक कारणं' प्रश्नावलीत कशी आणायची?

लघुप्रबंध_एमए
विषय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या स्मार्टफोन-अवलंबनामागची सामाजिक कारणं. नमुना २००, निम्मे वसतिगृहातले, निम्मे घरून ये-जा करणारे. अवलंबनासाठी एसएएस-एसव्ही (स्मार्टफोन अ‍ॅडिक्शन स्केलची छोटी आवृत्ती) ही मोजपट्टी ठरली आहे. सामाजिक बाजूला मात्र 'मित्रांचा प्रभाव पडतो का? हो/नाही' यापलीकडे प्रश्न सुचत नाहीत. रोजचे तास विचारावेत का? आणि गूगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकला तर चालेल ना?

मोजपट्टी
फॉर्म ग्रुपवर अजिबात टाकू नका. ग्रुप सतत उघडणाराच तो भरणार, आणि फोन कमी वापरणारा नमुन्यातून आपोआप गळणार. तास संपताना छापील कागद वाटा आणि तिथेच गोळा करा.

एसएएस-एसव्हीत १० विधानं, प्रत्येकी १ ते ६ गुण, म्हणजे बेरीज १० ते ६०. मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ हे 'व्यसनी' धरायचे उंबरठे २०१३ साली दक्षिण कोरियातल्या किशोरवयीन मुलामुलींवरून काढलेले आहेत. ते इथे जसेच्या तसे लावून 'इतके टक्के व्यसनी' लिहिलंत तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. गुण आहेत तसे ठेवा, गटांच्या सरासरी ताडून पाहा. मराठी भाषांतर एकाने करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं; जिथे अर्थ हलला तिथला शब्द बदला.

तास अंदाजाने विचारले तर आकडे भरवशाचे येत नाहीत. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडायला लावून आदल्या दिवसाचे तीन आकडे लिहून घ्या: वेळ, अनलॉक, नोटिफिकेशन्स. आयफोनवर हेच स्क्रीन टाइममध्ये मिळतं, अनलॉकच्या जागी पिकअप्स, म्हणजे फोन किती वेळा हातात घेतला.

खोली_क्रमांक_१२
तुमच्या विषयाचा गाभा तासांत नाहीच. फोन खाली ठेवला तर कोण रागावतं, काय बुडतं, हे विचारा. वेळही मिनिटांत मागा. 'घरच्यांचा फोन उचलला नाही तर दुसरा किती मिनिटांत येतो?' हा प्रश्न मुलगे आणि मुली दोघांना विचारून उत्तरं वेगळी मांडा. गावाहून आलेल्या मुलीच्या हातातला फोन पुष्कळदा घरच्यांच्या परवानगीची अट असतो; तिला 'व्यसनी' ठरवणं अन्याय आहे.

वर्गाच्या ग्रुपचंही तसंच. 'गेल्या सत्रात ग्रुप न पाहिल्यामुळे काय चुकलं?' असं विचारून पुढे पर्याय द्या: रद्द झालेला तास, बदललेलं प्रॅक्टिकल, सबमिशनची तारीख, परीक्षेचा फॉर्म. सूचनाफलकावर जे लागतच नाही, त्यासाठी फोन बघणारा विद्यार्थी आणि रात्री रील्स पाहत बसणारा विद्यार्थी एकाच रकान्यात घालू नका.

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी वर्गात गप्प बसणारे, मेसमध्ये एकटे जेवणारे यांच्यासाठी एक साधा प्रश्न ठेवा: 'काल किती जेवणं कोणाबरोबर झाली?' 'तुम्हाला एकटं वाटतं का?' याला खरं उत्तर क्वचितच मिळतं, जेवणाचा आकडा मात्र सगळे सांगतात.

लघुप्रबंध_एमए
जेवणाचा प्रश्न नक्की घेते. म्हणजे एकटेपणामुळे फोन वाढतो, असं त्यावरून लिहिता येईल?

मोजपट्टी
नाही. एकदाच मोजलं तर फोनमुळे एकटेपणा की एकटेपणामुळे फोन, हे सुटत नाही. 'संबंध आढळला' इतकंच लिहा. वेळ असेल तर पहिल्या वर्षाच्या मुलांना ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत तोच कागद द्या. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घ्या, म्हणजे दोन्ही कागद जुळवता येतील. मधल्या काळातली गळती धरून सुरुवातीला २०० ऐवजी २५० कागद वाटा.